धरणाखालच्या वाडीची नोंद

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री साडेनऊच्या सुमारास फुटले. धरणाला लागून खाली असलेल्या भेंदवाडीतली घरे पाण्याने नेली आणि वीसहून अधिक माणसे नेली. पाऊस कोकणात जुलैत पडतो तसाच पडत होता. वाडीला ना भोंगा ऐकू आला, ना कुणाचा निरोप पोचला. धरण आणि वाडी यांच्यात अंतर इतके कमी होते की रत्नागिरीहून निघालेला कुठलाही सरकारी इशारा तिथे वेळेत पोचणे शक्यही नव्हते.

हे धरण मातीचे. लांबी सुमारे 308 मीटर, उंची सुमारे 28 मीटर, साठा जेमतेम पंचवीस लाख घनमीटर. महाराष्ट्रात धरणाचे पाणी टीएमसीत मोजायची सवय आहे. त्या मापात तिवऱ्याचा साठा एक दशांश टीएमसीसुद्धा भरत नाही. कोयनेचा साठा 105 टीएमसी. पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रात धरणसाठ्यांची जी चौकट छापून येते, तीत तिवऱ्यासारख्या धरणाला जागा नसते. राज्याच्या पाण्याच्या हिशेबात ते खरोखरच नगण्य आहे. त्याच्या पायथ्याशी झोपणाऱ्या माणसाच्या हिशेबात मात्र पंचवीस लाख घनमीटर म्हणजे पंचवीस लाख टन पाणी, आणि तेही घराच्या वर अडवलेले.

दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांमुळे फुटल्याचे सांगितले. राज्यभर त्यावर संताप उसळला, पोलीस ठाण्यात खेकडे नेऊन आंदोलने झाली, विनोद फिरले. त्या गदारोळात एक गोष्ट कुणी पुरेशा गांभीर्याने विचारली नाही. मातीच्या भरावाला खेकडे, उंदीर, घुशी, साळिंदर यांची बिळे धोकादायक असतात, हे पाटबंधारे खात्यातल्या नवख्या शाखा अभियंत्यालाही शिकवलेले असते. भरावावरची झाडेझुडपे, बिळे, भेगा, खचलेला भाग आणि पायथ्याची गळती पाहून लिहिणे हेच मातीच्या धरणाच्या तपासणीतले नेहमीचे काम. तेव्हा खेकड्यांचे कारण घटकाभर खरे धरले तरी त्याचा अर्थ एवढाच होतो, की धरण पोखरले जात होते आणि ते पाहण्याची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी ते पाहिले नाही, किंवा पाहून सोडून दिले. जबाबदारी त्याने हलकी होत नाही, उलट नेमकी होते.

गावकऱ्यांनी पाहिले होते. धरण गळते आहे, अशी तक्रार फुटण्याच्या कितीतरी आधी त्यांनी केली होती. डागडुजी झाली ती वरवरची, असे त्यांचे म्हणणे होते. या तक्रारीत किती ज्ञान होते, ते समजून घ्यायला हवे.

मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरते. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचा भराव, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग आणि खालच्या अंगाला पायथ्यात वाळू-खडीची गाळणी, अशी त्याची रचना असते. गाभा पाणी पूर्ण अडवत नाही, त्याचा वेग मारतो. झिरपून आलेले पाणी गाळणीतून बाहेर पडते आणि माती आत राहते. म्हणून पायथ्याशी येणारे पाणी नितळ असेल आणि त्याचे मान ठरलेले असेल, तर घाबरायचे कारण नसते. ते गढूळ झाले की गोष्ट वेगळी. गढूळ पाणी म्हणजे धरणाच्या पोटातली माती बाहेर येऊ लागली आहे. एक एक कण सुटतो, पोकळी पायथ्याकडून वर जलाशयाच्या दिशेने वाढत जाते आणि एकदा ती साठ्याला भिडली की मग वेळ तासांत, कधी मिनिटांत मोजावी लागते. अशा जागी वरून मातीचे टोपले ओतणे सर्वांत वाईट. त्याने पाण्याची वाट बुजते आणि आतला दाब वाढतो. तिथे आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी असा थर देऊन पाणी वाहू द्यायचे आणि माती धरून ठेवायची असते.

पाणी कालपर्यंत नितळ होते आणि आज गढूळ आहे, हे कुणाला कळेल? वर्षातून दोनदा जीपने येणाऱ्या अधिकाऱ्याला नाही. रोज गुरे घेऊन पायथ्याशी जाणाऱ्या माणसाला कळेल, ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाईला कळेल. धरणाच्या सुरक्षिततेचे सर्वांत विश्वासू निरीक्षक त्या वाडीतच राहतात आणि आपली सारी यंत्रणा त्यांना तक्रारदार समजते.

धरणाच्या बाबतीत दोन स्वतंत्र प्रश्न असतात आणि कागदोपत्री ते दोन वेगळ्या वर्गवारींत उतरतात. पहिला प्रश्न धरणाच्या प्रकृतीचा. तपासणीत दिसलेल्या त्रुटी किती गंभीर आहेत, यावरून धरण पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीत टाकले जाते. पहिल्या श्रेणीतल्या त्रुटी म्हणजे धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकतील अशा. दुसरा प्रश्न असा की हे धरण उद्या फुटलेच तर खाली काय जाईल. त्याचे उत्तर धोक्याच्या वर्गात असते. केंद्रीय जल आयोगाने 2020 मध्ये या वर्गवारीची मार्गदर्शिका काढली आणि धरणांचे चार वर्ग सांगितले. भिंत किती भक्कम हे विचारणे वेगळे आणि भिंतीखाली कोण झोपले आहे हे विचारणे वेगळे. नवेकोरे, एक थेंब न गळणारे धरणही धोक्याच्या वरच्या वर्गात असू शकते, कारण त्याच्या खाली गाव आहे. बातमीत ‘धोकादायक धरणांची यादी’ असे छापून येते तेव्हा या दोन गोष्टी हमखास एक केल्या जातात. मग ज्यांचे धरण यादीत आहे ते उगाच भयभीत होतात आणि ज्यांचे नाही ते उगाच निर्धास्त.

धोक्याचा वर्ग काढायचा कशाला? पैसा आणि माणूसबळ अपुरे असते, म्हणून आधी कुठे जायचे ते ठरवायला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या स्टीफन्स काउंटीत, टोकोआ या छोट्या गावाच्या वर केली बार्न्स नावाचे एक लहान मातीचे धरण होते. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारातली 39 माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशातल्या बिगरसंघीय धरणांची तपासणी सुरू करायला लावली. ती करताना क्रम असा लावला, की ज्यांच्या खाली माणसे आहेत ती धरणे आधी. तिथे आज नव्वद हजारांहून अधिक धरणांची राष्ट्रीय सूची आहे आणि प्रत्येक धरणासमोर ‘उच्च’, ‘लक्षणीय’ किंवा ‘कमी’ असा धोक्याचा वर्ग लिहिलेला असतो. ‘उच्च’ याचा अर्थ धरण फुटले तर माणसे मरण्याचा संभव.

ही पद्धतही चुकते, आणि कशी चुकते ते आपण मुद्दाम पाहिले पाहिजे. तिवऱ्याच्या साडेतीन महिने आधी, 14 मार्च 2019 रोजी, नेब्रास्का राज्याच्या विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात नायोब्रारा नदीवरचे स्पेन्सर धरण फुटले. पुराबरोबर बर्फाचे प्रचंड तुकडे आले आणि धरण वाहून गेले. खाली धरणाला लागूनच एक घर होते. त्या घरातला माणूस गेला. धरणाचा वर्ग ‘लक्षणीय’ होता, ‘उच्च’ नव्हता. नंतरच्या तज्ज्ञ चौकशीने तो ‘उच्च’ असायला हवा होता असे सांगितले. खाली एक घर होते, त्यात माणूस राहत होता, हे डोळ्यांनी दिसत होते; कागदावर ते उतरले नव्हते. ग्रामीण भागाचे हेच दुखणे आहे. वस्ती विरळ असते, म्हणून वर्ग खालचा लागतो. वर्ग खालचा, म्हणून तपासणी ढिली आणि दुरुस्तीला पैसा शेवटी. भेंदवाडीसारखी पंधरा-वीस घरांची वाडी कोणत्याही बेरजेत मोठी ठरत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे, ती जुन्या मानकात. सांडवा किती मोठ्या पुरासाठी बांधायचा, हे भारतीय मानक 11223 ठरवते. ते मुख्यतः धरणाच्या आकारावर चालते. साठा एक कोटी घनमीटरच्या आत आणि पाण्याची उंची बारा मीटरच्या आत असेल तर धरण लहान, आणि लहान धरणाच्या सांडव्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पुरेसा. मध्यम धरणाला त्याहून मोठा, आणि मोठ्या धरणाला संभाव्य महत्तम पूर. खाली वस्ती असेल तर मोठा पूर धरावा, अशी मुभा मानकात आहे. मुभा आणि सक्ती यांतले अंतर अंदाजपत्रक करणाऱ्याला चांगले ठाऊक असते. सांडवा रुंद केला की खर्च वाढतो, लहान योजना मापदंडात बसत नाही, मंजुरी अडते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले की ते टिकत नाही, हे ठाऊक असूनही सांडव्याचा आकार वस्तीकडे न पाहता ठरत आला.

देशातल्या मोठ्या धरणांत सर्वाधिक धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजार तीनशेहून अधिक. 12 जुलै 1961 ला फुटलेले पानशेत धरण पुण्याच्या आठवणीत पक्के रुतले आहे, कारण ते पुण्यावर आले. मोठ्या शहराला आपल्या धरणाची बातमी मिळते, त्यावर पुस्तके निघतात, दर वर्षी लेख येतात. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशकात 1980 पासून काम करते आहे आणि तिच्या अभियंत्यांच्या क्षमतेबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. प्रश्न त्यांनी लिहिलेला कागद शेवटी कुठे जातो हा आहे.

धरण सुरक्षितता कायदा 2021 च्या डिसेंबरअखेर, 30 तारखेला, लागू झाला. पंधरा मीटरहून उंच सगळी धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर येतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक झाली. राज्याच्या संघटनेने प्रत्येक धरणाचे धोक्याच्या निकषांवर वर्गीकरण करायचे आहे. धरणाच्या मालकाने पाच वर्षांत, म्हणजे 30 डिसेंबर 2026 पर्यंत, आपत्कालीन कृती आराखडा तयार करायचा आहे. धरण फुटले तर पाणी कुठवर, किती वेळात, किती उंचीने जाईल याचे नकाशे त्यात हवेत. कायदा चांगला आहे. तो तिवऱ्याआधी हवा होता. त्यातली शिक्षेची तरतूद मात्र अधिकाऱ्यांच्या कामात अडथळा आणणाऱ्यासाठी किंवा दिलेले निर्देश न पाळणाऱ्यासाठी आहे. खालच्या गावाला काहीच न सांगणारा त्यात सहज सुटतो.

आणि कायद्याच्या मापात न बसणाऱ्या तलावांचे काय? 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीतून राज्यभर पाझर तलाव, गावतळी, लहान बंधारे खोदले गेले. लाखो हातांनी ते काम केले, त्यावर त्या वर्षी घरे जगली. यांतल्या कित्येक बांधांना आज पन्नास वर्षे झाली. काही जिल्हा परिषदेकडे, काही जलसंधारण विभागाकडे, काहींच्या मालकीचा कागदच सापडत नाही. उंची आठ-दहा मीटर, म्हणून कायद्याच्या बाहेर. त्यांच्या सांडव्यात बाभळी वाढल्या आहेत, कुठे सांडव्यातूनच रस्ता गेला आहे, कुठे जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात. त्या पोत्यांनी पाणी वाढते आणि बांधाच्या माथ्यापर्यंतची मोकळी उंची कमी होते. धोक्याचा वर्ग उंचीवरून ठरवायचा असेल तर यांना वर्गच नाही. खालच्या घरांवरून ठरवायचा असेल तर यांतले काही वरच्या वर्गात जातील.

आमचे म्हणणे मुळात एकच आहे. धरणाशी संबंधित तीन प्रकारची माणसे असतात. ज्यांची जमीन बुडाली ते प्रकल्पग्रस्त. त्यांना न्याय मिळाला असे कोण म्हणेल, पण त्यांच्यासाठी महाराष्ट्रात 1976 पासून पुनर्वसनाचा कायदा आहे, त्यांच्या याद्या आहेत, त्यांना दाखला मिळतो. ज्यांच्या शेताला पाणी मिळते ते लाभधारक. त्यांचे गट नंबर, क्षेत्र, पाणीपट्टी, सगळे वहीत आहे. तिसरी माणसे धरणाच्या लगेच खाली राहतात. त्यांची जमीन बुडत नाही, अनेकदा कालवाही त्यांच्या शेतापासून दूर निघतो. त्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. धोक्याचा वर्ग हा एकमेव सरकारी कागद आहे, ज्यात ही माणसे मोजली जातात. आणि तोच कागद त्यांना दाखवला जात नाही.

कुठल्याही लघु पाटबंधारे तलावावर गेलात तर बहुधा एक फलक दिसतो. पाणलोट क्षेत्र किती, साठा किती, सिंचन क्षेत्र किती हेक्टर, खर्च किती लाख, काम कधी पूर्ण झाले. शेजारी ‘पाण्यात उतरू नये’ असा दुसरा. या फलकावर आणखी चार ओळी लिहायला फार रंग लागत नाही: या धरणाच्या धोक्याचा वर्ग अमुक, खाली अमुक वाड्या, शेवटची तपासणी अमुक तारखेला, तीत आढळलेल्या त्रुटी अमुक, गढूळ गळती दिसल्यास या पदावरच्या अधिकाऱ्याला या क्रमांकावर कळवा. हाच मजकूर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा. धरण फुटल्यास होणाऱ्या बुडिताचा नकाशा तलाठ्याकडे हवा, म्हणजे पूररेषेआत बिनशेतीची परवानगी मागायला कुणी आला तर ती देणाऱ्याच्या समोर तो असेल. आज गावठाणाबाहेर घर बांधताना रस्ता किती मीटरवर आहे, विजेची तार कुठून जाते, हे विचारले जाते. वरचे धरण फुटले तर पाणी इथे किती मिनिटांत येईल, हे कुणी विचारत नाही. धरण बांधले तेव्हा खाली शेते होती म्हणून वर्ग खालचा लागतो. वीस वर्षांत तिथे घरे, शाळा, हॉटेल उभे राहते आणि वर्ग जुनाच राहतो. घर वाढले की वर्ग पुन्हा तपासला गेला पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की लोक घाबरतील, अफवा उठतील, जमिनीचे भाव पडतील, घातपात करणाऱ्यांच्या हाती नकाशे जातील. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत ओरोव्हिल धरणाचा सांडवा उखडला तेव्हा जवळपास एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार लोकांना घरे सोडावी लागली. त्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला. ‘कमी’ धोक्याची धरणे वगळता बाकी सर्वांचे बुडिताचे नकाशे आणि आपत्कालीन आराखडे बंधनकारक झाले, आणि नकाशे कुणालाही पाहता येतील असे खुले केले गेले. नकाशे खुले झाल्यामुळे तिथे पळापळ झाली नाही. भीती माहितीने वाढते असे मानणाऱ्यांनी भेंदवाडीतल्या वाचलेल्या माणसांशी बोलून पाहावे. त्यांना अलोऱ्याला घरे मिळाली. त्यांच्या नावाची नोंद सरकारदरबारी झाली ती तेव्हा.

जमिनीचा भाव पडेल हे खरे असेलही. धोक्याच्या जागेचा भाव तो धोका लपवून टिकवायचा, म्हणजे तो धोका पुढच्या खरेदीदाराच्या मुलाबाळांवर टाकायचा. सरकारने त्यात भागीदार होऊ नये.

जवळच्या वाडीसाठी जिल्हा मुख्यालयातला नियंत्रण कक्ष उपयोगाचा नाही, हे तिवऱ्याने दाखवून दिले. तिथे धरणावर रात्रीचा माणूस लागतो, त्याच्या हातात भोंगा लागतो, आणि भोंगा वाजला की कोणत्या वाटेने कोणत्या उंच जागी चढायचे हे वाडीतल्या म्हाताऱ्यालाही पाठ असावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, तेही रात्री, ते करून पाहावे लागते. जिथे खाली पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर घरे आहेत, तिथे चौकीदाराचे पद रिक्त ठेवून सुरक्षिततेच्या गोष्टी करणे हा त्या माणसांशी केलेला विश्वासघात आहे. आणि जिथे भराव दुरुस्तही होत नाही आणि वाडी हलतही नाही, तिथे दुरुस्ती होईपर्यंत साठा कमी ठेवावा. पाणी कमी मिळेल, रब्बीचे एक आवर्तन जाईल. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला ते समजावून सांगण्याचे धैर्य लोकप्रतिनिधींनी दाखवले पाहिजे.

पावसाळ्यानंतरच्या तपासण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. तपासणीला येणाऱ्या अभियंत्याने धरणाखालच्या वाडीतली दोन-तीन माणसे, त्यांत निदान एक बाई, बरोबर घ्यावीत, पायथ्याशी उभे राहून गळती त्यांना दाखवावी आणि त्यांना काय दिसले तेही अहवालात लिहावे. तो अहवाल पुढच्या ग्रामसभेत मराठीत वाचला जावा, धोक्याच्या वर्गासकट. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मृद व जलसंधारण आणि जलसंपदा या दोन विभागांनी एक परिपत्रक काढले तरी पुरे, आणि ते या पावसाळ्यापूर्वी निघायला हरकत नाही.